सुनीताचं खोडलेलं पान

शाळेत शिजणाऱ्या भाताला हल्ली वासच नसतो. आज सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पहिलेच्या धानाले खरंच वास राहे का?" आणि मला सुनीता आठवली.

वीस वर्षांपूर्वी चिचगडकडच्या एका शाळेत मी मुलांना माहिती शोधायला आणि ती कुठून मिळाली ते लिहायला शिकवत होते. सुनीतानं जुन्या धानांची नावं, त्यांचे वास पानभर लिहिले होते. खाली संदर्भ एकच, 'बाबा'. मी लाल पेनानं सगळं पान खोडलं.

"बाबाले सारं मालूम हाये, मॅडम. काऊन खोडलं?"

"पुस्तकातलं आण."

तिनं गाईडमधलं उतरवून आणलं. मी शाबासकी दिली.

आज त्या वासांबद्दल पुस्तकांत काहीच सापडेना, म्हणून तिला फोन केला.

"बाबा तं गेले, मॅडम. अन् ते पान मी तवाच चुलीत टाकलं."