गिदुदूची न दुखणारी दाढ

युगांडातल्या म्बाले गावी, बाजारामागच्या दातांच्या दवाखान्यात नाम्बोझोबाई गेली एकोणीस वर्षं लोकांच्या जबड्यात डोकावतायत. आवाज असा खणखणीत, की बाहेर बाकावर बसलेल्याला आपल्या दाताचं काय होणार ते आत जायच्या आधीच कळतं. दात उपटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कंपालाहून नवं शिकून आल्यापासून बाईंना दात वाचवायचं वेड लागलंय. पोरांच्या दाढेत घालायचं ते जुनं जहाल औषध त्यांनी बंद केलं. "पांढरं सिमेंट आलंय आता, नसेशी भांडत नाही," असं त्या दिसेल त्याला सांगत सुटतात.

त्या सकाळी वामिंबी आजोबा सात वर्षांच्या नातवाला, गिदुदूला, घेऊन आले. मागची खालची दाढ किडलेली.

"पाडा, बाई. दुधाचीच आहे. आज ना उद्या पडायचीच."

"उद्या नाही, आजोबा, चार वर्षांनी. तोवर जागा कोण राखणार, तुम्ही? नस जिवंत असली तर वरचा सडका भाग काढते, मुळातला ठेवते. मेलेली असली तर मात्र तुमचंच खरं."

मग त्या पोराकडे वळल्या. "रात्री ठणकते?"

"नाही."

"गार पाणी लागतं?"

"नाही."

बाईंनी दाढेवर टकटक केली. पोराची पापणी हलली नाही. आजोबांची छाती मात्र फुगली. "आमच्या घरात कुणी हलत नाही. आमच्यात पोरगा वयात आला की अंगणात उभ्यानं सुंता, हलला तो भित्रा. याचा काका सुंतेच्या अंगणात खांबासारखा उभा होता, सगळा गाव साक्षीला."

बाईंच्या हातातलं हत्यार थांबलं. आता कशावर विश्वास ठेवायचा? दाढ मुकी की पोरगा? चुकीचं ठरवलं तर चांगली दाढ जाईल, नाहीतर मेलेल्या नसेवर सिमेंट बसेल आणि आत पू साठेल.

"आजोबा, हे अंगण नाही. तुम्हीच त्याला मोकळं करा. माझं ऐकायचा नाही तो."

आजोबा टोपी फिरवत राहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "गिदुदू, या खुर्चीत हललं तर चालतं. मी सांगतोय."

पोरानं खात्री करून घ्यायला त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. मग धरण फुटलं. "गार पाणी प्यालं की कळ येते. लगेच थांबते. ऊस खाल्ला की पण येते. रात्री नाही. आणि ही खुर्ची टोचते."

"लगेच थांबते ना? मग नसेची आशा आहे. वा रे माझ्या राजा," म्हणत बाईंनी हात चोळले. सुई दिली, दाढ बधिर होत गेली. पोरगा आता कुठं लागतं, कुठं नाही ते बोटानं सांगू लागला. वरचा सडका भाग निघाला. लालभडक रक्त आलं. बाईंनी ओला बोळा दाबून धरला. हे रक्त थांबलं तरच मुळातली नस निरोगी. बाई घड्याळाकडे बघत पुटपुटत होत्या, "थांब गं बाई, थांब." आजोबाही त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले.

पाच मिनिटांनी बोळा उचलला. कोरडं.

"बघा, बघा, आजोबा, जिवंत आहे." बाईंना बसवेना. पांढरं सिमेंट, वर स्टीलची टोपी. चावून बघ म्हटल्यावर गिदुदूनं कराकर चावून दाखवलं.

"आता सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

तेवढ्यात दारातून गिदुदूचा आवाज: चप्पल चावते, ऊन लागतं, गालाला मुंग्या आल्यात, आजा फार हळू चालतो.

"बाई," आजोबा मागं वळून म्हणाले, "हे बंद करायचं काही सिमेंट आहे का?"