दोर दुप्पट

ओल्या अंबाडीच्या दोराचा वास आला की मला साताऱ्यातल्या आमच्या हायस्कुलाचं अंगण आठवतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, मी खेड्यातून येऊन बोर्डिंगात राहत होतो. शास्त्राच्या मास्तरांना कप्पी फळ्यावर काढायचा कंटाळा. ते म्हणाले, "कुणीतरी मोटेची दोन चाकं आणि तिचा जाड दोर, नाडा, आणा रे." मी गुपचूप घरी निरोप धाडला, तर विहिरीवरची चालती मोट सोडून वडीलच आले. खांद्यावर ओला नाडा, पायांना चिखल. "कोण रे हे?" शेजारच्या मुलानं विचारलं. "आमच्या गावचे आहेत," मी म्हणालो. मास्तरांनी एक चाक कडुलिंबाच्या फांदीला टांगलं, दुसरं दोरात खेळतं ठेवून त्याला ज्वारीचं अर्धं पोतं अडकवलं. वर्गातल्या सर्वांत किडकिडीत पोरानं ते एकट्यानं वर ओढलं. टाळ्या पडल्या. वडील मात्र ओढलेला दोर हातांनी मोजत होते. "मास्तर, जोर निम्मा लागला खरं, पर दोर दुप्पट वढला न्हवं का? फुकाट कायबी न्हाई." मास्तर थक्क झाले. "नियम हाच! यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणाचे वडील हे?" मी मान खाली घातली. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हितल्या एका पोराच्या गावचा हाय." पुढे मी जन्मभर शास्त्र शिकवलं. हा नियम आला की वर्गाला आधी सांगायचो, हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे. सांगायला अंमळ उशीर झाला, एवढंच.