पाय जमिनीला लागल्यावर

माझा मामा परिवहन खात्याच्या आकडेवारी विभागात एकतीस वर्षं होता. अपघातांचे तक्ते करणं हे त्याचं काम. रेल्वे, बस आणि नदीवरच्या लाँच, या तिन्हींत वर्षभरात किती माणसं गेली, किती जखमी झाली, दर दहा लाख प्रवाशांमागे ते प्रमाण किती पडतं, हे तो काढायचा. ऑफिसात त्याला 'टक्के' म्हणत. त्यालाही ते आवडायचं. घरातलं कुणी बाहेर निघालं की चपला घालायच्या आत तो गाठायचा, "कशानं जातोयस?" आणि उत्तर आलं की आकडा ऐकवायचा. आई वैतागायची. "अरे, माणूस अजून उंबऱ्याच्या आत आहे, त्याला आत्ताच मारू नकोस."

कामात मात्र तो चोख होता. एखाद्या आगारातून आलेला आकडा पटला नाही तर रजा टाकून तिथे जाऊन खात्री करून यायचा.

मावशी त्याची थोरली बहीण. धक्क्याजवळच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. नदीपलीकडच्या कपड्यांच्या दुकानात तिला शिवणकाम होतं. पायाच्या मशीनवर उंची कमी करायची, उसवलेलं नीट करायचं, काजं करायची. रोज लाँचनं जायची. आठ मिनिटांत पलीकडे. लाँचवरचा खलाशी फळीवर उभा राहून चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाचा दंड धरायचा. "सावकाश, ताई. नदी कुठे पळून जात नाही." मावशी इंजिनाजवळच्या बाकावर बसून डोळे मिटायची. दिवसभरात तेवढीच आठ मिनिटं माझी, असं म्हणायची.

त्या वर्षीचा अहवाल छापून आला तसा मामा तो घेऊन तिच्याकडे गेला. मी तेव्हा कॉलेजात होते, त्याच्याबरोबर गेले होते.

"ताई, हा दहा वर्षांच्या सरासरीचा रकाना बघ. रेल्वे सगळ्यांत सुरक्षित, पण ती तुझ्या वाटेवर नाही. तिच्या खालोखाल बस. आणि लाँच बसच्या पाचपट धोक्याची."

"नऊ वर्षांपूर्वी ती एक बुडाली, तेवढीच ना रे?"

"तेवढीत एकतीस माणसं गेली."

"पण बसला पाऊण तास लागतो. पुलावरून केवढा वळसा."

"पाऊण तास जिवापेक्षा मोठा आहे का?"

मावशी हसली. "तू शिकलेला. तू म्हणतोस म्हणजे असेल तसंच."

सोमवारपासून ती बसनं जाऊ लागली. मामाला इतका आनंद झाला की आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटला होता. एक माणूस वाचवला, म्हणाला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी दुकानाच्या थांब्यावर मावशी सगळ्यांच्या शेवटी उतरत होती. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर, हातात डब्याची पिशवी. कंडक्टरचं लक्ष पुढच्या दाराकडे होतं. त्यानं घंटी दिली आणि बस सुटली. मावशी कुशीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चार महिने अंथरुणात गेले, मग वॉकर आला. उजवा पाय मशीनच्या पायट्यावर दाब धरीना. दुकानानं काही दिवस हातशिलाईचं काम घरी पाठवलं. पुढे तेही थांबलं.

इस्पितळात मामा तिच्या उशाशी बसून एकच घोकत होता, "मी सांगितलं म्हणून, ताई."

"अरे, घंटी कंडक्टरनं दिली. तू नाही दिलीस," मावशी म्हणायची.

त्या तिमाहीची अपघातांची पत्रकं मामाच्या टेबलावर आली, तेव्हा तो मुद्दाम तिची नोंद शोधू लागला. बसच्या प्रवाशांत ती नव्हती. शेवटी सापडली ती भलत्याच यादीत. 'महिला, वय अठ्ठावन्न, पादचारी.' त्यानं तडक आगाराला फोन लावला.

"पादचारी कशी? तिकीट काढून बसली होती ती!"

पलीकडचा कारकून नवा होता, पण नम्र होता. "साहेब, परिपत्रकात कलम चार आहे. पाय जमिनीला लागल्यावर ती व्यक्ती प्रवासी समजू नये. बाईंचा एक पाय खाली होता."

मामानं फोन ठेवला. ते कलम त्यानंच लिहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी प्रत्येक आगार आपापल्या मनानं मोजायचं. कुणी रस्ता ओलांडणाराही प्रवाशांत धरायचं, कुणी आतला पडलेलाही सोडून द्यायचं. मामानं एका ओळीत तो घोळ मिटवला होता. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

त्यानंतरचे तीन महिने प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तो तळघरातल्या दप्तरखान्यात जाऊन बसला. मीही जायचे. पादचाऱ्यांची एकेक नोंद मी मोठ्यानं वाचायची आणि त्यानं खूण करायची. "उतरताना, महिला, साठ. उतरताना, महिला, एकाहत्तर. चढताना, पुरुष, सदुसष्ट, हातात पिशव्या." वाचून वाचून माझा घसा बसायचा. मामा मान वर करायचा नाही.

हिशेब मांडला तेव्हा बस आणि लाँच जवळपास बरोबरीला आल्या होत्या. लाँचवर चढता-उतरताना बारा वर्षांत दोघंच पडले होते, दोघांचेही पाय मुरगळले होते. आणि लाँचचा बाकी सगळा आकडा ती एक लाँच बुडाली त्या दुपारचा होता. त्यानंतर लाँचवर माणसं मोजून घेऊ लागले होते आणि पुढे एकही जीव गेला नव्हता.

"पुढे कुणी गेलं नाही, हे तर मला तेव्हाच माहीत होतं," मामा म्हणाला. "पण तक्त्यात ते दाखवायला जागा नव्हती, म्हणून तिलाही सांगितलं नाही."

तो कागद घेऊन तो साहेबांकडे गेला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे बदललं तर मागचे बारा वर्षांचे तक्ते चुकीचे ठरतील."

"चुकीचेच आहेत, साहेब."

"अहो, पण ते तुमचेच आहेत!"

बरीच हुज्जत झाल्यावर अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आली. चढता-उतरतानाचे अपघात यात धरलेले नाहीत, एवढीच. वाचायला भिंग लागलं असतं.

कलमाचं मावशीला सांगायला मामाला वर्ष लागलं. एका रविवारी तिच्या खिडकीपाशी बसून त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हातातली सुई तेवढी बाजूला ठेवली.

"बसमध्ये बसल्यावर मला कधीच भीती वाटली नाही," ती म्हणाली. "वाटायची ती उतरताना. थांबा जवळ आला की सगळ्यांना आधी उतरू द्यायचे. रोज."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"तू कुठे विचारलंस? तू सांगायला आला होतास."

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी साधेपणानं सांगितलं आणि मला म्हणाली, "चहा टाक गं."

त्या दिवशी तिला लाँचनं जावंसं वाटलं. आम्ही तिला धक्क्यावर नेलं. खाली पाण्यापर्यंत सव्वीस पायऱ्या होत्या. चार उतरून ती थांबली. खलाशी वर आला, उचलून नेतो म्हणाला. "नको रे बाबा, मी काय पोतं आहे?" म्हणत ती तिथेच पायरीवर टेकली. मामा तिच्या शेजारी बसला. एक लाँच गेली, तीच भरून परत आली. मग आम्ही घरी आलो.

मावशी त्यानंतर सहा वर्षं होती. मामा रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचा, चालत. प्रवासाचे आकडे सांगणं त्यानं पार सोडून दिलं. मी लग्नानंतर पहिल्यांदा लांब निघाले तेव्हा मीच विचारलं, "मामा, कशानं जाऊ?" तो म्हणाला, "तुला कशाची भीती वाटते ते आधी सांग." त्याचे डोळे भरून आले होते, ते मला दिसू नयेत म्हणून माझी बॅग उचलून बाहेर गेला.

मावशी गेली तेव्हा तो निवृत्त झालेला होता. त्यानंतर आठ महिन्यांनी खात्यातून एक पाकीट आलं. विभागात आलेल्या नव्या बाईंनी जुन्या फाइलमधला मामाचा तो हिशेब वाचून कलम चार रद्द करून घेतलं होतं. तिन्ही वाहनांच्या तक्त्यात आता चढण्या-उतरण्याचे वेगळे रकाने होते. सोबत चिठ्ठी होती, 'आपल्या टिपणामुळे हे शक्य झालं.'

मामी म्हणाली, "बघा, झालं ना शेवटी तुमच्या मनासारखं?"

मामानं तक्ता उलगडला, बसच्या ओळीवरून बोट शेवटच्या 'उतरताना' या रकान्यापर्यंत नेलं आणि पुन्हा घडी घातली. मामीनं जेवायला हाक मारली. "भूक नाही," म्हणाला आणि चष्मा न काढताच भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.