बॉनेटची कड

अंबडच्या गॅरेजात गाड्या पॉलिश करता करता माझी तेरा वर्षं झाली होती, तेव्हा ती आली. माझ्याच वयाची, चाळिशीकडे झुकलेली. आधी सिन्नरच्या एका कारखान्यात रंगवलेले पत्रे तपासायची. ती नोकरी सुटली म्हणून इकडे आली. पॉलिशचं मशीन कसं धरायचं ते मीच तिला शिकवलं. सहा महिन्यांत गिऱ्हाइकं फोनवर विचारायला लागली, "त्या ताई आहेत का आज?"

मला ते फार लागायचं. ती एक दार करी तोवर माझी दोन व्हायची. पण तिच्या दारावर दिवा धरला तर एक ओरखडा दिसत नसे. माझ्या दारावर बारीक गोल गोल रेघा असायच्या. तेरा वर्षांत त्या कुणी पाहिल्या नव्हत्या, मीसुद्धा.

एकदा गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंची लाल गाडी आली. मालकांनी बॉनेट मला दिलं, दारं तिला. आज हिला दाखवूनच देतो, असं ठरवून मी मशीनचा वेग वाढवला आणि जोर दिला.

"दादा, कडेला टेप लावा ना," ती म्हणाली. "तिथं थर पातळ असतो."

"मला शिकवू नका."

पाचच मिनिटांत पिवळ्या पॅडवर लाल रंग आला. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, कडेला बोटभर उडाला होता. मी मशीन बंद केलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही.

मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, "त्या मध्येच बोलल्या, माझं लक्ष उडालं."

मालकांनी तिला विचारलं. "हो, बोलले होते मी," ती म्हणाली. टेपचं नाव काढलं नाही. मालक तिला सगळ्यांसमोर बोलले, ती खाली मान घालून ऐकत राहिली. हेही हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, असं मनात आलं आणि अंगाची आग झाली.

"खोटं बोललो मी," शेवटी माझ्या तोंडून निघालं. "त्यांनी सावध केलं होतं. मी ऐकलं नाही."

बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. रंग पक्का झाल्यावर पॉलिश ताईंनीच करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी शेजारी दिवा धरून उभा राहिलो.

काम संपल्यावर तिने विचारलं, "दादा, तुम्ही एवढा वेळ मशीन चालवता, हात कसा भरून येत नाही? माझा तर संध्याकाळी वर होत नाही."

मी तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं. मनगट कधी सैल सोडायचं, खरी युक्ती तिथंच असते, ते मात्र सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.