करडीचं दूध आणि काकींचा नवस

बोरी बुद्रुकला ज्या घरी मी कामाला आहे, त्या घरच्या गाईचा पाय आणि घरच्या काकींचा हात एकाच सकाळी गेला. गोठ्यात ओल होती. गाय घसरली, आणि दावं काकींनी मनगटाला गुंडाळलेलं. गाय बसली ती बसलीच, शेजारी काकी मनगट धरून बसल्या. गाय गाभण, दिवस भरत आलेले. एका डॉक्टरनं गाईला इंजेक्शन टोचलं, दुसऱ्यानं काकींना प्लास्टर घातलं. काकींचा दोघांवरही भरवसा नव्हता. त्यांनी देवीला नवस बोलला, की गाय उभी राहून सुखरूप व्यायेपर्यंत या घरात दूध, दही, ताक, तूप कुणाच्या तोंडाला लागणार नाही.

काकींच्या गळ्यात माळ, त्यामुळं मटण-अंडं आधीच बंद. आता दूधही गेलं. म्हशीची धार निघायची ती थेट डेअरीला. काकींच्या पुण्यातल्या भाचीनं फोनवर सांगितलं, "आत्या, याला व्हीगन म्हणतात, इकडं लोक मुद्दाम करतात." काकी म्हणाल्या, "करू दे. त्यांची गाय पडली असंल."

मी लातूरकडचा. शाळा सातवीत सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली. टोमॅटो तोडायला टोळीबरोबर आलो होतो. टोळी पुढं गेली, मी राहिलो. या घरानं ठेवून घेतलं, गोठ्याशेजारची खोली दिली, आजारपणात काकींनी पेज करून पाजली. त्यामुळं मला कायम धाकधूक, की आपल्याकडून काही चुकलं आणि "बाबा, आता तू नीघ" म्हणाले तर? हात मोडल्यावर काकी म्हणाल्या, "सैपाक आता तुझ्याकडं," तेव्हा मी नाही म्हणूच शकलो नाही.

मला तीन गोष्टी यायच्या. बटाट्याचा रस्सा, वांग्याचा रस्सा, आणि बटाटा-वांग्याचा रस्सा. टोळीत एवढ्यावर भागायचं. या घरात एरवी असल्या जेवणावर तुपाची धार आणि शेवटाला दहीभात असायचा, म्हणून निभायचं. आता नुसता रस्सा उघडा पडला.

अण्णा म्हणजे काकींचे मालक. त्यांनी ताटाकडं बघितलं.

"काल काय व्हतं?"

"वांगं-बटाटा."

"आन् आज?"

"बटाटा-वांगं."

"लईच बदल केला राव तू."

सकाळच्या कोऱ्या चहापासूनच त्यांचं डोकं फिरलेलं असायचं. दोनदा म्हणाले, "मी हाटेलात जेवतो." काकी कडाडल्या, "जावा! गाईचं काय झालं तर मग माझ्याशी बोलू नका." अण्णा गेले नाहीत. पण बेल्ह्याच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा ते टपरीमागं गेले आणि दुधाचा स्पेशल चहा घेऊन पाठमोरे उभे राहिले. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"नवस घरापुरता हाय," ते म्हणाले. "बाजार काय घरात येतो का?"

"नाही अण्णा."

"मंग झालं तर."

पण काकींनाही कळलं होतं की रोज तेच खाऊन नवस निभणार नाही. त्या उंबऱ्यावर पाट घेऊन बसल्या आणि डाव्या हातानं मला हाकू लागल्या, बैल हाकावा तसं. पहिल्यांदा हुलग्याचं शेंगोळं. पीठ मळायचं, तळहातावर लांब वळायचं, गोल करून लसणाच्या उकळत्या रश्शात सोडायचं. मी वळलेली शेंगोळी बघून म्हणाल्या, "हे दावं हाय का? बारीक वळ, गाय न्हाई बांधायची." पण अण्णांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वर काहीच बोलले नाहीत. या घरात गप बसणं म्हणजे शाबासकी.

मग मासवडी. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, आणि फडक्यानंच गुंडाळी करायची. माझी गुंडाळी मधेच फुटली. सगळं सारण बाहेर.

"ही मासवडी हाय का अपघात?" अण्णा म्हणाले.

"रस्सा वता वरनं," काकी म्हणाल्या. "झाकून जातंय."

मला चव लागली, ती खाण्याची नव्हे, करण्याची. मी जवसाची चटणी केली, चिंचगुळाची आमटी केली, भाजलेले टोमॅटो चुरून भरपूर लसूण घातला. शेजारच्या बायका पाण्याला जाताना खिडकीपाशी थांबायच्या. "पावणं, आज काय? मंगळागौरीला फुगडी पन घालणार का?" मी म्हणायचो, "जोडीदारीण मिळाली तर घालू." त्या पदर तोंडाला लावून पळायच्या. गाय मात्र अजून बसलेलीच होती. रोज आम्ही चौघंपाच जण गोणपाट पोटाखाली घालून तिला उचलायचो, ती क्षणभर उभी राहायची आणि पुन्हा टेकायची.

मंगळवारी देवीला निवद दाखवायचा होता. काकींना गोडाचं कोडं पडलं. दूध नाही, तूप नाही, करणार काय? मी म्हणालो, "माझ्यावर सोडा." आमच्याकडं गव्हाची खीर करडीच्या, म्हणजे करडईच्या बियांच्या दुधात करतात. मी गावाकडून निघताना आई पिशवीत करडी बांधून देते, तिला वाटतं इकडं काहीच मिळत नाही. करडी भिजवली, पाट्यावर वाटली, पाणी घालून फडक्यातून पिळली. पांढरंशुभ्र दूध. शिजलेल्या गव्हात गूळ घातला, हे दूध घातलं आणि फुटू नये म्हणून सारखं ढवळत बसलो. काकी तेव्हा डुलक्या काढत होत्या. कसं केलं हे मी त्यांना सांगितलं नाही; म्हटलं, खाऊन झाल्यावर चकित करू.

निवद दाखवला. रीत म्हणून पहिली वाटी बांधापलीकडं, काकींच्या जावेकडं गेली.

तेवढ्यात गोठ्यातून अण्णांनी हाक मारली. गाईनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. सकाळपासून नाही. आणि त्याच वेळी जाऊबाई वाटी हातात घेऊन बांधावरून तणतणत आल्या.

"बाई गं, नवस मोडला की तुमी! ही खीर बघा, दुधाशिवाय इतकी पांढरी व्हती का?"

काकींनी वाटी बघितली. गाईकडं बघितलं. मग माझ्याकडं. तसं त्यांनी माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. मी खोलीकडं बघितलं, माझ्या दोन पँटी वाळत होत्या, आणि मनात आलं, ओल्याच घडी घालाव्या लागतील.

"काकी, देवीची शपथ, जनावराचं दूध न्हाई ते."

"मंग कशाचं? झाडाला आचळं आली व्हय?" जाऊबाई म्हणाल्या.

अण्णा तर सगळ्यांच्या वर ओरडले. "ज्यानं दूध चोरून खाल्लं त्याला या घरात जागा न्हाई!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर हाय अण्णा. कुणीकुणी कुठंकुठं खाल्लं ते सगळंच काढू. बाजारापासून सुरू करू?"

अण्णांना जोराचा ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोराचं ऐकून तर घ्या आधी. एवढा कनवाळू पोरगा हाय."

मी पाटा अंगणात आणला. खिडकीवाल्या बायकाही गोळा झाल्या. भिजवून उरलेली करडी सगळ्यांसमोर वाटली, फडकं झटकून दाखवलं आणि पिळलं. दूध भांड्यात पडलं तशी एक बाई म्हणाली, "अगं बया, खरंच की!" जाऊबाईंनी बोट बुडवून चाटलं, पुन्हा बुडवलं, आणि मग म्हणाल्या, "मी कुठं म्हनलं मोडला? मी इचारलं." आणि त्यांनी वाटीतली उरलेली खीर तिथंच उभ्याउभ्या संपवली.

काकी हसल्या. एवढ्या हसल्या की प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. "मेल्या, आधी सांगायला काय झालं व्हतं? माझा जीव गेला असता." हसून झाल्यावर डोळे पुसत गोठ्यात गेल्या. गाईचं पोट हलत होतं. तिला कळा लागल्या होत्या, म्हणून वैरण नको होती. अंधार पडायच्या आत ती व्यायली. वासराला चाटायला म्हणून कुणी हात न लावता स्वतः उठून उभी राहिली.

नवस फिटला. खरवस झाला, तूप परत आलं, अण्णांचा चहा घरी आला. काकींचं प्लास्टरही निघालं. त्या दिवशी मी सकाळीच चूल सारवून, डबे पुसून ठेवले आणि बाजूला उभा राहिलो. वाटलं, आता आपलं काय काम.

काकी स्वयंपाकघरात आल्या. इकडंतिकडं बघितलं. हात उघडमीट करून बघितला.

"सकाळचं मी करीन," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचं तुझं. आन् आठवड्यातनं एक दिवस नवसावानी, दुधातुपाशिवाय. अण्णांचं पोट लई हलकं व्हतं तवा."

बाहेरून अण्णा ओरडले, "माझ्या पोटाचं नाव कशाला?"

मी मान खाली घातली, कारण डोळे भरले होते आणि हे लोक त्यावरही काहीतरी बोलले असते.

आज तो दिवस आहे. अण्णा आत्ताच दारात डोकावून विचारून गेले, "काय करतोयस रं?" मी म्हणालो, "बघालच की." खरं म्हणजे मला अजून काहीच सुचलेलं नाही. पुढ्यात भोपळा आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो आहोत.