काहीच न फेकणारे सर

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या सरांइतका काहीच न फेकणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. संपलेल्या रिफिली, तुटक्या चपलेचा अंगठा, चुडाव्याहून रोज येतात त्या रेल्वेची तिकिटं, सगळं त्यांच्या खणात. मी तिथं झाडलोट करते. केर भरला की सर उठून सुपलीत डोकावतात. एकदा त्यातून एक वाकडी टाचणी उचलून म्हणाले, "मावशी, हिच्यात अजून जीव हाय." मशीनशीही ते माणसासारखे बोलतात. ते अडलं की विचारतात, "काय झालं बाबा, कुणी काई बोललं का?" मग त्याच्यासमोर चहा ठेवतात आणि थोड्या वेळानं स्वतःच पितात. चार माणसांत बोलायला मी बिचकते, पण सरांच्या खोलीत फडकं फिरवताना कधी संकोच वाटला नाही. तिथं सरांशी बोलायचं काम मशीनच्या वाट्याला.

आणि अशाच माणसावर मशीनमधल्या फायली पुसायची वेळ आली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरींची वसतिगृहाची यादी त्या दिवशी पाचच्या आत वर पाठवायची होती. नाही गेली तर पोरी आईबापांबरोबर फडात, आणि शाळा सुटली. आमच्या गल्लीतलीही एक होती त्यात, सातवीतली. सगळ्या ऑफिसांच्या फायली दूरच्या एका मोठ्या मशीनवर राहतात, आणि रेशनसारखा प्रत्येकाला जागेचा कोटा. आमचा गच्च भरलेला. यादी ठेवायला जागा नाही म्हणून सर जुनं पुसायला बसले, तर पुसलंही जाईना.

"पुसतो म्हणलं तर जागा न्हाई म्हणायलंय!" सरांनी मशीनला हात जोडले. "अरे बाबा, जागा करायलाच तर पुसायलोय!"

मोठ्या मशीनवाल्यांना फोनवर विचारलं तेव्हा कळलं, पुसल्याची नोंद करायलाही त्याला चिमूटभर जागा लागते, आणि आमच्याकडं तेवढीही उरली नव्हती. साडेचार वाजून गेले. चहा मशीनसमोर निवून गेला तरी सरांनी तो प्यायला नाही. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, जवारीनं भरलेली कोठी आमच्या घरात कुणाच्यानं हलत न्हाई. आदी जवारी उपसायची, मग कोठी काढायची."

सर ताडकन मशीनकडं वळले. "म्हंजे फाईल पुसायचीच न्हाई! नुसतं आतलं उपसायचं!"

पण उपसायची कोणाची? पुसलेली फाईल वरून परत मागता येते, उपसलेली गेली ती गेली, म्हणून दुसऱ्याच्या नावची फाईल विचारल्याशिवाय रिकामी करायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या स्वतःच्या नावची एकच होती, चोरून ठेवलेली. ऑफिसच्या अंगणातला कडुलिंब रस्त्यासाठी तोडला, त्याआधी महिनाभर सर जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून त्याचा व्हिडिओ काढून तीत ठेवायचे. ती फाईल दुसरीकडं उतरवून घ्यायची तर तासभर लागणार, आणि पाचला दहा मिनिटं होती.

"तुमी बी हायेत त्यात," सर खाली बघत म्हणाले. "पाला झाडायलेत."

माझा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा तेवढाच. मी पदर नीट केला, जसं काही आत्ताच कुणी काढायलंय.

"करा रिकामं," मी म्हणाले.

यादी गेली. सरांनी गार चहा एका घोटात संपवला. मग जागा मिळाल्यावर पुसायची परवानगी असलेलं जुनं भराभर निघून गेलं. ती एक रिकामी फाईल तेवढी राहिली, नाव 'कडुलिंब'.

"ही बी काढा की," मी म्हणाले.

"राहू द्या मावशी. नावाला कुठं जागा लागायलीय?"

गल्लीतली ती पोरगी आता आठवीत आहे. वसतिगृहातून सुट्टीला आली की इंग्रजीत माझं नाव लिहून दाखवते. अंगणात आता पाला पडत नाही. तरी झाडाची ती जागा मी रोज झाडते, थोडी सावकाशच. सर अजून खिडकीतून बघतात का, ते मान वर करून पाहायचं धाडस मात्र मला झालेलं नाही.