लग्नाच्या कॅसेटचा आवाज

आई गेल्यावर काही महिन्यांनी बाबांनी माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटातून बाहेर काढली. "तिचा आवाज ऐकायचाय," एवढंच म्हणाले. तिचे फोटो घरात भरपूर होते, पण तिचं बोलणं आमच्यापैकी कुणीच कधी टिपून ठेवलं नव्हतं.

कॅसेट लावायला व्हीसीआर हवा. वळ गावच्या मामांकडे माळ्यावर एक पडून होता. "चालू हाय, पण धूळ झाडून घे," मामा म्हणाले. शुक्रवारी तो घेऊन मी कामतघरला बाबांकडे गेले. त्या दिवशी कापड विणायचे लूम बंद असतात. एरवी शेजारच्या खडखडाटात काही धड ऐकू येत नाही.

पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. दोन्ही टीव्हीच्या मागे खोचल्या. मांडव दिसला, शालूतली मी दिसले, आई दिसली. आवाज मात्र नाही.

"वाढव ना," बाबा म्हणाले.

"पूर्ण वाढवलाय."

केबलचा चॅनल लावून पाहिला, तर तो इतक्या मोठ्याने बोलला की आम्ही दोघंही दचकलो. म्हणजे टीव्ही ठीक होता. उरला व्हीसीआर, नाहीतर वायर. जुडग्यातली लाल वायर नुसतीच लोंबत होती. रंग वेगळे असले तरी आतून त्या सारख्याच, म्हणून पांढरी काढून तिच्या जागी लाल लावली. आधी घरघर झाली, मग सनई वाजली. पांढरी वायर आतून तुटली होती.

पण सनईमागून आलं ते सिनेमाचं गाणं. शूटिंगवाल्याने अख्ख्या लग्नावर गाणी चढवली होती. आईचे ओठ हलत होते, ती कुणाशी तरी हसून बोलत होती, आणि ऐकू येत होती कुणी भलतीच गायिका. हे काही वायर बदलून सुधारण्यासारखं नव्हतं.

"बंद करू?" मी विचारलं. बाबांनी मानेनेच नको म्हटलं.

कन्यादानाला गाणं थांबलं. मंत्र त्याने तसेच ठेवले होते. आई बाबांच्या ओंजळीत पाण्याची धार धरत होती. मध्येच स्वच्छ ऐकू आलं, "अहो, हात नीट धरा, सांडतंय सगळं."

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकलं. बाबांचे मांडीवरचे हात एकमेकांजवळ आले होते.

"धार तीच मोठी धरत होती," ते म्हणाले.

पुढे पुन्हा गाणी सुरू झाली, पंगती बसल्या, आणि वाढणारे कोण, जेवणारे कोण, ते बाबा मला सांगत राहिले.